नायट्रेटचा एकटा आकडा पुरेसा नाही : गोदावरी खोऱ्यातल्या पाण्याबद्दल खुले पत्र

प्रति,
मा. विभागीय आयुक्त, छत्रपती संभाजीनगर,
आणि मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी

विषय : धरणांच्या व नदीच्या पाण्यात नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि सिलिका यांची एकत्र तपासणी आणि शेवाळाच्या विषाची चाचणी सुरू करण्याबाबत

महोदय, महोदया,

स.न.वि.वि.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात वनस्पतीशास्त्र शिकवते. शेवाळ हा माझा अभ्यासाचा विषय. गावोगावच्या पाणी तपासणीचे जे अहवाल आपल्यापर्यंत येतात, त्यांतल्या एका रकान्याबद्दल हे पत्र आहे. तो रकाना नायट्रेटचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या नत्राच्या एका रूपाचा. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. आकडा त्याच्या खाली असला की 'पिण्यास योग्य' असा शेरा पडतो आणि फाइल पुढे सरकते.

ही मर्यादा चुकीची नाही. पाण्यात नायट्रेट जास्त झालं की तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते, बाळ निळं पडतं. ते होऊ नये म्हणून ती ठरवली आहे आणि त्या कामासाठी ती योग्यच आहे. पण धरणात, तलावात साठलेल्या पाण्यातल्या शेवाळाला याच्या दहाव्या हिश्श्याएवढं नायट्रेटसुद्धा भरपूर होतं. आणि ते शेवाळ किती विषारी होईल, हे नुसत्या नायट्रेटवरून कळत नाही. त्यासाठी त्याच पाण्यात स्फुरद किती आहे हेही माहीत असावं लागतं. पिण्याच्या पाण्याच्या नेहमीच्या अहवालात स्फुरदाचा रकाना नसतो. म्हणून माझी मुख्य मागणी ही आहे : नत्र आणि स्फुरद एकाच बाटलीतून, एकाच दिवशी मोजावं आणि दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहावेत. सोबत खडकांची झीज होऊन पाण्यात येणारी सिलिकाही मोजावी.

यातलं बरंचसं ज्ञान समुद्राच्या अभ्यासातून आलं आहे. त्यामुळे समुद्र नसलेल्या मुलखातून लिहीत असले, तरी आधी तिकडचंच सांगावं लागेल. अमेरिकी शास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ पासून पुढे केलेल्या कामातून एक गोष्ट स्पष्ट झाली. समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या शरीरात नत्र आणि स्फुरद साधारण ठरलेल्या प्रमाणात असतात. स्फुरदाच्या एका अणूमागे नत्राचे सुमारे १६ अणू. वजनात धरलं तर एक किलो स्फुरदामागे सात किलोंच्या आसपास नत्र. हे प्रमाण बिघडलं की कोणती जात माजेल ते बदलतं, हे पुष्कळांना ठाऊक असतं. पण त्याच जातीच्या एकेका पेशीत विष किती साठेल, हेही बदलतं. माझा सगळा भर या दुसऱ्या गोष्टीवर आहे.

अलेक्झांड्रियम नावाचं एक एकपेशीय शैवाल आहे. त्याच्या काही जाती सॅक्सिटॉक्सिन हे विष तयार करतात. शिंपले पाणी गाळून हे शैवाल खातात, त्यांना फारसं काही होत नाही. ते शिंपले माणसाने खाल्ले की आधी ओठ आणि जीभ बधिर होतात, मग हातपाय, आणि मात्रा जास्त असली तर श्वासाचे स्नायू थांबतात. या विषावर उतारा नाही. केरळात विळिंजम इथे सप्टेंबर १९९७ मध्ये शिंपले खाल्ल्यानंतर याच प्रकारच्या विषबाधेने सात माणसं दगावली आणि पाचशेहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावं लागलं.

सॅक्सिटॉक्सिनच्या रेणूत नत्राचे सात अणू आहेत, स्फुरदाचा एकही नाही. प्रयोगशाळेत अलेक्झांड्रियमला नत्र मुबलक आणि स्फुरद तोकडं दिलं की एका पेशीतलं विष कित्येक पटींनी वाढतं. उलट नत्रच तोडलं की विष घटतं. पेशीला दुभंगायचं तर स्फुरद लागतं : डीएनएसाठी, पेशीच्या पटलासाठी, ऊर्जा साठवणाऱ्या रेणूसाठी. स्फुरद संपलं की दुभंगणं थांबतं, पण बाहेरून नत्र घेणं लगेच थांबत नाही. प्रकाशसंश्लेषणही चालूच राहतं. आत आलेल्या नत्राला वाढीत जागा उरत नाही, आणि त्यातला काही भाग विषाच्या रेणूंत जातो.

ज्वारी पिकवणाऱ्या मराठवाड्याला ही गोष्ट परकी वाटू नये. पेरणीनंतर पावसाने ओढ दिली, ज्वारी गुडघ्याच्या खालीच खुंटली आणि अशा रानात जनावर शिरलं, की किराळ लागते. तोंडाला फेस येतो, अंग थरथरतं, श्वास लागतो, आणि डॉक्टर येईपर्यंत जनावर आडवं झालेलं असतं. त्या कोवळ्या पोंग्यात धुरिन नावाचा पदार्थ असतो आणि जनावराच्या पोटात त्यापासून सायनाइड सुटतं. धुरिनच्या रेणूतही नत्र आहे. जमिनीत नत्र जास्त, स्फुरद कमी आणि वर पाण्याचा ताण, असं जुळून आलं की ते पोंग्यात वाढतं. बियाणं तेच, रान तेच, पण युरियाचा हात सैल सुटलेल्या पट्ट्यातली ज्वारी जास्त घातक ठरते. आपल्याकडचे जुने शेतकरी अशा ज्वारीत जनावर सोडत नाहीत. पाण्यातल्या शेवाळाबाबत तेवढीच सावधगिरी आपण शासन म्हणून, नगरपरिषद म्हणून बाळगावी, असं मला मनापासून वाटतं.

सगळी विषं याच रीतीने वाढत नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. नाहीतर उद्या कोणी एकच नियम करून सगळीकडे लावेल. मेक्सिकोच्या आखातात मासे मारणाऱ्या कारेनिया ब्रेव्हिस या शैवालाच्या विषात नत्र नसतंच, त्याचा सांगाडा कार्बनचा. तिथे नत्र तुटो की स्फुरद, वाढ अडली की पेशीमागे विष वाढतं. प्रिम्नेशियम पार्व्हम हे शैवालही दोन्हींपैकी कशाचीही उपासमार झाली की जास्त जहाल होतं. २०२२ च्या उन्हाळ्यात पोलंड आणि जर्मनीच्या सीमेवरच्या ओडर नदीत त्याने शेकडो टन मासे मारले. हे शैवाल खाऱ्या-मचूळ पाण्यातलं, पण नदीत क्षार सोडले गेले, पाणी कमी झालं, आणि समुद्रापासून कितीतरी आत ते माजलं. 'आमच्याकडे समुद्र कुठे आहे' हा प्रश्न म्हणूनच मला पुरेसा वाटत नाही.

सिलिकेचंही असंच आहे. डायटम नावाच्या शैवालांना आपलं कवच बांधायला सिलिका लागते. त्यांतल्या स्यूडो-निट्झशिया या गटातल्या काही जाती डोमोइक आम्ल हे मेंदूवर परिणाम करणारं विष बनवतात. नत्र हाताशी आहे, पण सिलिका किंवा स्फुरद संपत आलं, की त्यांचं विष वाढतं. १९८७ साली कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शिंपले खाऊन शंभराहून अधिक लोक आजारी पडले. काहींची स्मरणशक्ती कायमची गेली, तिघे दगावले. डायटम असं विष बनवू शकतात, हे तोवर कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

आता उत्तर समुद्राचं उदाहरण, कारण धोरण ठरवणाऱ्यांसाठी ते सर्वांत महत्त्वाचं आहे. १९८८ च्या मे महिन्यात नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्क यांच्या मधल्या समुद्रात क्रायसोक्रोम्युलिना नावाचं शैवाल पसरलं. पिंजऱ्यातले मासे मेले, तळावरचे जीव मेले. त्या पाण्यात त्या वेळी नत्राच्या मानाने स्फुरद फार कमी होतं आणि स्फुरदाची टंचाई असताना हे शैवाल अधिक विषारी होतं, हे पुढे प्रयोगांत दिसलं. युरोपातल्या नद्यांमधलं स्फुरद सांडपाण्यावर प्रक्रिया करून आणि साबण-डिटर्जंटमधून फॉस्फेट काढून पुष्कळ कमी करता आलं. शेतातून येणारं नत्र त्या वेगाने कमी झालं नाही. समुद्रात पोचणारं एकूण खत घटलं, पण त्यातलं नत्राचं पारडं जड होत गेलं. स्फुरद कमी करणं चूक होतं असं मी म्हणत नाही. त्याने शेवाळाचा एकूण पसारा आटोक्यात येतो आणि ते झालंच पाहिजे. मात्र एकच पोषकद्रव्य कमी करून दुसऱ्याकडे पाठ फिरवली तर उरलेल्या शेवाळाची पेशी अधिक विषारी होऊ शकते. आपल्याकडे सांडपाणी प्रकल्प उभे राहत आहेत, ते राहोत. त्याच वेळी युरियाकडेही पाहायला हवं.

आता आपल्या पाण्याकडे येते. गोड्या साठवणीत मुख्य धोका निळ्या-हिरव्या शेवाळाचा, त्यातही मायक्रोसिस्टिसचा. पावसाळा सरल्यावर किंवा उन्हाळ्यात पाणी स्थिर झालं की सकाळच्या वेळी वाऱ्याच्या दिशेच्या काठाला हिरवी साय जमते. त्या पाण्याची एक पारदर्शक बाटली भरून खिडकीत तासभर न हलवता ठेवावी. साध्या शेवाळाचा बराचसा गाळ तळाला बसतो. मायक्रोसिस्टिसचे कण मात्र वर येऊन मानेपाशी हिरवी कडी धरतात, कारण त्यांच्या पेशींत हवेच्या बारीक पोकळ्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पोकळ्यांमुळे पेशी काळपट ठिपक्यांसारख्या दिसतात, शेकडो ठिपके चिकट आवरणात एकत्र, मधे भोकं पडलेला वेडावाकडा पुंजका. आमच्या विद्यार्थ्यांना हे सहज ओळखता येतं. पण विष बनवणारा वाण आणि न बनवणारा वाण दिसायला अगदी सारखे असतात. डोळ्यांनी, सूक्ष्मदर्शकाने कोणालाही ते सांगता येत नाही. त्यासाठी विषाचीच चाचणी करावी लागते.

हे विष म्हणजे मायक्रोसिस्टिन. ते यकृतावर घाला घालतं. त्याच्या नेहमी आढळणाऱ्या प्रकारात नत्राचे दहा अणू आहेत. मायक्रोसिस्टिसला हवेतलं नत्र पकडता येत नाही, ते पाण्यातूनच घ्यावं लागतं. त्यामुळे पाण्यात नत्राची रेलचेल असणं त्याच्या वाढीला आणि त्याच्या विषाला, दोन्हींना सोयीचं. नत्र कमी पडलं तर हवेतलं नत्र पकडणाऱ्या दुसऱ्या जाती पुढे येऊ शकतात, म्हणून नुसतं नत्र तोडूनही भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आयुष्यभर पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला एक मायक्रोग्रॅम अशी मर्यादा सुचवली आहे. पाणी उकळून हे विष जात नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात, ईरी सरोवरातून येणाऱ्या पाण्यात ते सापडल्यावर सुमारे पाच लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, उकळूही नका, असं सांगावं लागलं होतं.

आणि ब्राझीलचं कारुआरू. ही घटना आपल्या प्रत्येक तहसील कार्यालयात माहीत असायला हवी. ईशान्य ब्राझील हा आपल्यासारखाच कमी पावसाचा मुलूख. १९९६ च्या फेब्रुवारीत तिथल्या एका डायलिसिस केंद्राला टँकरने पाणी पुरवलं जात होतं. पाणी एका साठवण तलावातलं, पुरती शुद्धीकरण प्रक्रिया न झालेलं. डायलिसिसमध्ये पाणी थेट रक्ताच्या शेजारून जातं. रुग्णांना अंधुक दिसू लागलं, उलट्या झाल्या, मग यकृतं निकामी झाली. पन्नासहून अधिक माणसं मायक्रोसिस्टिनमुळे गेली. टँकरचं पाणी आपल्याकडे कोणत्या उद्भवातून, कोणत्या महिन्यात भरलं जातं, हे आपण सगळे जाणतो. तलाव तळाला गेलेला असतो, पाणी हिरवं असतं, आणि तेच भरलं जातं कारण दुसरं नसतं. डायलिसिसची सोय आता तालुक्यांपर्यंत पोचत आहे, ही फार चांगली गोष्ट आहे. म्हणूनच त्या केंद्रांना जाणाऱ्या टँकरच्या पाण्याची चाचणी सर्वांत आधी सुरू व्हावी.

प्रमाण बिघडतं कुठे, हे कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर दिसतं. युरियाची ४५ किलोंची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, स्फुरद देणाऱ्या डीएपी खताची ५० किलोंची १,३५० रुपयांना. २०१० पासून स्फुरद-पालाशाच्या खतांना पोषकद्रव्यानुसार अनुदान आलं, युरिया त्याबाहेर राहिला आणि स्वस्तच राहिला. हातात पैसे मोजके असलेला शेतकरी काय उचलणार? मी त्याला दोष देत नाही. युरियाच्या एका गोणीत जवळपास २१ किलो नत्र असतं आणि स्फुरद शून्य. शिवाय आपली काळी, चुनखडीयुक्त जमीन स्फुरदाला धरून ठेवते, ते कॅल्शियमशी बांधलं जातं आणि मातीबरोबरच हलतं. नायट्रेटला ती धरत नाही. युरिया फेकला आणि पाठोपाठ मोठा पाऊस झाला की त्यातलं बरंच नायट्रेट होऊन ओढ्यातून, निचऱ्यातून निघून जातं. शेतातून येणारं पाणी म्हणून नत्राकडे झुकलेलं. गावा-शहरांच्या सांडपाण्यात मात्र नत्राच्या मानाने स्फुरद बरंच जास्त. धरणात दोन्ही मिसळतात, आणि कुठे, कोणत्या महिन्यात कोणाचं पारडं जड असेल हे मोजल्याशिवाय समजणार नाही.

यात धरणांचाही भाग आहे. युरोपातल्या डॅन्यूब नदीवर आयर्न गेट्सचं धरण १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला झालं. त्यानंतर काळ्या समुद्रात पोचणारी सिलिका खूप घटली, कारण अडलेल्या पाण्यात डायटम वाढून तळाला बसतात आणि सिलिका तिथेच राहते. नत्र मात्र शेतांतून येत राहिलं. किनाऱ्याजवळच्या पाण्यात डायटमची जागा इतर शैवालांनी घेतली. गोदावरी १,४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. आपल्या बेसाल्टची झीज होऊन निघणारी सिलिका ती सोबत नेते. पैठणला १९७६ पासून नाथसागर आहे, खाली विष्णुपुरी आहे, मांजरा, पूर्णा, सिंदफणा यांच्यावर धरणं आहेत. ही धरणं आम्हाला हवीत, त्यांच्याशिवाय मराठवाडा जगणार नाही. पण ती नदीतली कोणती द्रव्यं अडवतात आणि कोणती पुढे सोडतात याची नोंद ठेवणं ही वरच्या अंगाला राहणाऱ्यांची जबाबदारी आहे. खाली आंध्रच्या किनाऱ्यावर कोळी राहतात, त्यांच्या जाळ्यात काय येतं हे काही अंशी आपल्या शेतांवरून ठरतं.

यासाठी नवी मोठी यंत्रणा लागत नाही. माती परीक्षण प्रयोगशाळांत स्फुरद मोजण्यासाठी मॉलिब्डेटचा निळा रंग आणि तो वाचणारं यंत्र वापरतात. पाण्यातलं फॉस्फेट आणि सिलिका मोजण्याची पद्धतही मुळात तीच, फक्त पाण्यातलं प्रमाण फार कमी असतं म्हणून हात अधिक स्वच्छ आणि यंत्र अधिक संवेदनशील लागतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाला आणि विभागातल्या महाविद्यालयांना हे काम झेपेल. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे पोषकद्रव्यं मोजण्याचा जुना अनुभव आहे, त्यांच्याकडून एकदा प्रशिक्षण घ्यावं. नमुना घेताना दोन पथ्यं : बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवायची, आणि विरघळलेल्या नत्र-स्फुरदासोबत एकूण नत्र-स्फुरदही मोजायचं. शेवाळ माजलेलं असताना पाण्यातलं स्फुरद त्याने आत ओढून घेतलेलं असतं. नुसतं विरघळलेलं मोजलं तर आकडा शून्याजवळ येतो आणि पाणी स्वच्छ असल्याचा भास होतो.

मायक्रोसिस्टिनच्या चाचणीचे संच बाजारात मिळतात. वर सांगितलेल्या बाटलीत हिरवी कडी धरली, की त्या उद्भवाची विषचाचणी व्हावी, असा सोपा दंडक पाणीपुरवठा कर्मचाऱ्यांना घालून देता येईल.

एक गोष्ट कृपया तातडीने थांबवावी. तलावावर हिरवी साय दिसली की त्यात मोरचूद किंवा ब्लीचिंग पावडर टाकण्याचा मोह होतो. त्याने पेशी फुटतात आणि आतलं विष एकदम पाण्यात विरघळतं, मग ते वाळूच्या गाळणीलाही दाद देत नाही. ऑस्ट्रेलियातल्या पाम बेटावर १९७९ मध्ये धरणातल्या शेवाळावर मोरचूद टाकल्यानंतर १४८ लोक, बहुतेक लहान मुलं, आजारी पडली होती. पेशी अखंड असतानाच तुरटीने बसवून, गाळून काढाव्यात आणि क्लोरीन त्यानंतर द्यावं. शक्य असेल तिथे पाणी सायीच्या थराखालून उचलावं.

युरियाबद्दल कृषी विभागाला सांगता येण्यासारखं पुष्कळ आहे. तो फेकण्याऐवजी जमिनीत पेरून द्यावा. एकदम न देता हप्त्यांनी द्यावा. मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर दोन दिवस थांबावं. सोयाबीन स्वतःचं नत्र स्वतः मिळवतं, त्यावर वरून युरिया टाकण्याची गरज नसते. मृदा आरोग्य पत्रिकेवर या सगळ्याचा पाया आधीच आहे. धरणाच्या पाण्याचे आकडे त्या-त्या लाभक्षेत्रातल्या गावांच्या ग्रामसभेत वाचून दाखवले, तर आपल्या रानातून काय वाहून जातं हे लोकांना कळेल आणि ते बदल करतील, असा माझा अनुभवाने बनलेला विश्वास आहे. कारण वाहून गेलेलं नत्र हे त्यांनी पैसे मोजून आणलेलं असतं.

पहिले नमुने जुलै-ऑगस्टमध्ये, खरिपाचा वरखताचा युरिया पडल्यानंतर घ्यावेत. दुसरे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, साठे भरून पाणी स्थिरावल्यावर. तिसरे एप्रिल-मेमध्ये, टँकर सुरू असताना. नाथसागर, विष्णुपुरी, माजलगाव, मांजरा, येलदरी आणि सिद्धेश्वर या सहा जलाशयांपासून सुरुवात करता येईल. आमच्या महाविद्यालयाची प्रयोगशाळा आणि पदव्युत्तर वर्गाचे विद्यार्थी यासाठी उपलब्ध आहेत. आपल्या कार्यालयाकडून लेखी परवानगी आणि जलाशयावर जाण्यासाठी होडीची सोय एवढं मिळालं, तर येत्या खरिपातच काम सुरू करू.

आपली,
वनस्पतीशास्त्राची एक प्राध्यापिका
जि. परभणी